शेंद्री : नाव एक, झाडं दोन

प्रश्न : नैसर्गिक रंगांबद्दल वाचताना ‘शेंद्री’ हा शब्द सारखा भेटतो. कुणी म्हणतं बिया तेलात तापवा, कुणी म्हणतं फळांवरची पूड चाळून घ्या. नेमकं झाड कुठलं? आणि ‘शेंदरी’ लिहावं की ‘शेंद्री’?

— शब्द मुळात रंगाचा आहे. शेंदूर, शेंदराचा, त्यावरून शेंदरी. झाडाचं नाव घेताना मधला अकार गळतो आणि शेंद्री होतं. रंगाला शेंदरी, झाडाला शेंद्री, असं लिहिलं तर वाचणाऱ्याची सोय होते.

झाडं मात्र खरोखरच दोन आहेत. एक बिक्सा ओरेलाना, मूळचं उष्ण अमेरिकेतलं; हिंदी-बंगालीत लटकन. बोंडावर मऊ काटे, उकललं की दोन फाका, आत बिया. ओली बी नुसती चोळली तरी बोटं शेंदरी होतात. दुसरं मॅलोटस फिलिपेन्सिस, आपल्या सह्याद्रीतलं. यालाच कुंकूफळ म्हणतात. वाटाण्याएवढं तीन कप्प्यांचं फळ आणि त्यावर लाल भुकटी. संस्कृतात कंपिल्लक, औषधी दुकानात कपिला.

— रंग काढायच्या रीतीही वेगळ्या. लटकनचा रंग बीच्या सालीवर असतो, म्हणून बी कुटू नये. अर्धी वाटी तेलात चमचाभर बिया मंद आचेवर तीन-चार मिनिटं ठेवा, तेल केशरी झालं की गाळा. बिया काळ्या पडल्या की तेल कडवट झालंच. सुती कापडासाठी बिया धुण्याचा सोडा घालून उकळतात, कारण साध्या पाण्यात हा रंग नीट उतरत नाही. रंगवलेलं कापड चिंचेच्या पातळ पाण्यातून काढलं की छटा लालीकडे झुकते. उन्हात हा रंग विटतो. पडद्याला वापरू नये.

कपिला पूड रेशमासाठी. जुनं प्रमाण असं : चार भाग पूड, एक भाग तुरटी, दोन भाग सोडा, आणि हाताला जेमतेम जाणवेल इतकंच तिळाचं तेल. सगळं एकत्र खलून पाण्यात उकळायचं, रेशीम त्यात सतत हलवत राहायचं. सोडा वाढवला की रेशमाची चमक जाते, धागा कमजोर होतो.

— वरच्या उत्तरात एक महत्त्वाची भर. लटकन खाद्यरंग आहे, लोणी आणि चीजमध्ये वापरतात. कपिला मात्र रेचक आणि कृमिनाशक औषध आहे, स्वयंपाकात अजिबात नको. शेंदूर तर शिशापासून होतो, म्हणजे विषच. त्यामुळे पाककृतीत नुसतं ‘शेंद्री घाला’ लिहिणं धोक्याचं. ‘लटकनच्या बिया’ असं स्पष्ट लिहा.

— कपिला विकत घेताना चिमूटभर पूड गार पाण्यावर टाकून पाहा. शुद्ध असेल तर भिजत नाही, वरच तरंगते. तळाशी बसली ती विटेची भुकटी किंवा वाळू.