मदत हवी आहे: क्लोरीनच्या आलेखातलं ३६ चं शिखर

नमस्कार मंडळी. बारावीच्या मुलांना समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) शिकवतो आहे, एका जागी अडलोय.

क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.४५ कसं येतं हे मुलांना पटलं: साधारण ७६ टक्के अणू ३५ चे, २४ टक्के ३७ चे. आयन (विद्युतभारित अणू-रेणू) वस्तुमानानुसार वेगळे करून आलेखात शिखरांच्या रूपात दाखवणारा मास स्पेक्ट्रोमीटरही समजला. वायूचे आयन करायचे, विद्युतदाबाने वेग द्यायचा, चुंबकीय क्षेत्रातून वळवायचे. जड आयन कमी वळतात. क्लोरीनच्या रेणूची शिखरं ७०, ७२, ७४ वर आणि उंची साधारण ९:६:१ का, हे तर मुलांनी स्वतः गणित मांडून काढलं. फार आनंद झाला!

मग एका मुलीने विचारलं, "सर, ३६ वर शिखर दिसलं तर तेही समस्थानिकच ना?" अ‍ॅस्टनला (असं यंत्र बनवणाऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञाला) १९१९-२० च्या सुमारास ३५ आणि ३७ सोबत ३६ आणि ३८ च्या रेषाही दिसल्या होत्या. त्या हायड्रोजन क्लोराइडच्या, असं पुस्तकं सांगून मोकळी होतात. पण ते ठरवलं कसं? तिला नुसतं "असतं तसं" म्हणून गप्प बसवायचं नाहीये.

दुसरी शंका त्यातूनच आली. रुबिडियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८७ यांच्या वस्तुमानात नावालाच फरक. रुबिडियम-८७ चं हळूहळू स्ट्रॉन्शियम-८७ होतं, त्यावरून खडकाचं वय काढतात; तेव्हा ते दोन्ही आधी रासायनिक पद्धतीने वेगळे करतात, एवढं वाचलंय. तरी थोडं रुबिडियम उरलंच, तर रुबिडियम-८५ चं शिखर मोजून तेवढा वाटा वजा करतात का?

असं यंत्र कुणी प्रत्यक्ष हाताळलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. खऱ्या नमुन्याचा आलेख मिळाला तर वर्गात दाखवता येईल.