कंबरदुखीचं मूळ खुब्यात? शिवणकाम करणाऱ्यांचे अनुभव हवे आहेत

नमस्कार. मी घरीच ब्लाऊज शिवते, वय ४३. लग्नसराईत सकाळी नऊला मशीनवर बसले की रात्री आठ-साडेआठ होतात, मधे फक्त स्वयंपाक-जेवणापुरतं उठणं. फेब्रुवारीपासून कंबर धरतेय.

दुखणं जरा विचित्र आहे. केर काढायला वाकले तर काही होत नाही, पण स्टुलावरून उठलं की सरळच होता येत नाही. चार पावलं वाकून टाकते, मग हळूहळू कंबर सुटते. ओट्याशी पोळ्या लाटायला उभी राहिले की दहा मिनिटांत ठणका सुरू. रात्री उताणं झोपून पाय लांब केले की कमरेखालून हात आरपार जाईल इतकी पोकळी राहते आणि तिथेच दुखतं. गुडघ्यांखाली उशी घेतली की बरं वाटतं.

एक्स-रेत वयानुसार थोडी झीज, एवढंच निघालं. मलम झालं, पट्टा झाला, पाच दिवस पडून राहिले. त्याने उलट वाढलं.

शेवटी फिजिओथेरपीच्या ताईंकडे गेले. त्यांनी मला टेबलाच्या अगदी कडेशी उताणं झोपवलं. डावा गुडघा छातीशी धरायला लावला आणि म्हणाल्या, उजवा पाय सोडून द्या. मांडी टेबलाला टेकायला हवी होती, माझी चार बोटं वरच राहिली. दुसऱ्या बाजूने केलं तर जवळजवळ टेकली. शिलाई मशीनच्या मोटारचं पेडल मी उजव्याच पायाने दाबते! त्यांनी सांगितलं की सोआस नावाचा स्नायू कमरेच्या मणक्यांपासून निघून जांघेतून मांडीच्या हाडाला जातो. तासन्‌तास बसून तो आखडला की उभं राहताना सैल होत नाही, मणक्यांना पुढे ओढतो. खुबा मागे जात नाही, म्हणून कंबर बाक घेते.

एक गुडघा जमिनीवर टेकून, दुसरा पाय पुढे घेऊन ताण द्यायचा व्यायाम दिलाय. तीन आठवडे नेमाने करतेय, पण ताण जांघेत येतच नाही, कमरेतच कळ येते. माझं काय चुकतंय? स्टुलाची उंची बदलावी का? हातात ऑर्डरी आहेत, काम बंद ठेवणं परवडणार नाही.

प्रतिसाद १
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. कमरेत कळ येते म्हणजे तुम्ही पोट पुढे काढून कमरेतूनच वाकताय. आधी शेपटी पायांत घेतल्यासारखं माकडहाड खाली-पुढे वळवा, टेकलेल्या गुडघ्याच्या बाजूचं कुल्ल्याचा स्नायू घट्ट आवळा, आणि तसंच राहा. पुढे सरकायची घाई नको. अर्धा मिनिट, दोन्हीकडे तीनदा. जोडीला उताणं झोपून गुडघे मोडून कंबर उचलायचा व्यायामही करा, कारण कुल्ल्यात ताकद नसेल तर नुसता ताण देऊन फार दिवस टिकत नाही. स्टूल इतकं उंच हवं की खुबे गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहतील. दर अर्ध्या तासाने उठा, कटिंग उभ्यानेच करा.

खुबे आखडलेल्या सगळ्यांचीच कंबर दुखते असं नाही, त्यामुळे महिना-दीड महिन्यात फरक पडला नाही तर पुन्हा तपासून घ्या. पायातली ताकद कमी झाली, जांघांच्या मधल्या भागात बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

धागाकर्तीचा प्रतिसाद
मनापासून आभार. आज सकाळी तुम्ही सांगितलं तसं कुल्ला आवळून धरला आणि पहिल्यांदाच ताण उजव्या जांघेत, अगदी खोल जाणवला. स्टुलावर सतरंजीची जाड घडी टाकून उंची वाढवली आहे, पण आता पेडल पायाला लांब पडतं. खाली फळी ठेवली तर शिवताना ती फरशीवर सरकत जाते. कुणी पेडल उचलून पक्कं बसवलं असेल तर कसं केलंत ते कृपया सांगा.