बिडी-सिगारेट सोडल्यावरचे पहिले आठ दिवस : तुम्ही कसे काढलेत?

देवगडात माझं औषधांचं दुकान आहे. बिडी-सिगारेट सोडताना चघळायच्या निकोटिनच्या गमची पट्टी नेलेला माणूस तीन-चार दिवसांनी पुन्हा दारात आला की चेहऱ्यावरूनच समजतं, टिकला की नाही. न टिकलेले बहुतेक जण एकच बोलतात, "एवढं अंगावर येईल असं कोणी सांगितलंच नाही." फायदे सगळ्यांना पाठ असतात, पाकिटावरचं चित्रही रोज समोर असतं. पण ते पहिले दिवस कसे सरतात हे ज्याने काढले तोच सांगू जाणे. म्हणून ज्यांनी सोडली आहे त्यांनी लिहा. उपदेश नको. काय झालं आणि काय केलंत, तेवढंच.

मला ठाऊक आहे ते आधी सांगते. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होत जातं. म्हणून शेवटच्या बिडीनंतर काही तासांतच चुळबुळ सुरू होते आणि दुसरा-तिसरा दिवस सगळ्यांत जड जातो. चिडचिड, झोप उडणं, कशात लक्ष न लागणं, सारखी भूक, पोट साफ न होणं, तोंड येणं, यातलं काहीही होऊ शकतं. आठवड्यानंतर जोर कमी होतो, तीन-चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. माझं मत असं झालंय की दिवसभराच्या निर्धारापेक्षा आपली वाईट वेळ कुठली हे ओळखणं जास्त कामाला येतं. तुमची वेळ कुठली होती ते जरूर लिहा.

हर्णै, बोटीवर तांडेल (बोटीचा प्रमुख)

माझी बिडी वाढायची ती पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत. १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्याला. काम म्हणजे जाळी सांधणं, आणि सांधताना तोंडात बिडी. तेव्हा सोडणं माझ्याच्याने झालं नसतं. म्हणून बंदी उठल्यावर पहिल्याच फेरीला बंडल न घेता निघालो. बर्फ, डिझेल, रेशन सगळं भरलं, बिडी नाही. समुद्रात टपरी नसते, हा मोठा आधार. पण खलाशी ओढतातच. त्यांना निघायच्या आधीच बजावलं होतं : मी मागितली तरी द्यायची नाही, आणि स्वतः ओढायची तर पुढे नाळेवर, बोटीच्या टोकाला जाऊन. आमच्याकडचे खलाशी नेपाळी. त्यांनी शब्द पाळला. एका पोराकडे मी रात्री खरंच मागितली. त्याने हात जोडले, पण दिली नाही. त्या पोराचे उपकार मी विसरणार नाही.

माझी वेळ म्हणजे जाळं मारल्यानंतरची. जाळं पाण्यात, इंजिनाचा आवाज, आणि हाताला काही काम नाही. डोकं भणभणायचं, तळव्यांना घाम यायचा. मी दोऱ्या गुंडाळल्या, बर्फ फोडला, धुतलेला डेक परत धुतला. पूर्वी मासळी निवडायचं काम खलाशांवर सोडायचो, ते स्वतः घेतलं. हात ओले आणि खवल्यांनी भरलेले असले की काडी ओढावीशी वाटत नाही. तिसरी रात्र सगळ्यांत वाईट. डोळा लागला तर स्वप्नात बिडी, आणि जागा झालो तरी काही क्षण वाटत राहिलं की ओढलीच.

बंदरात आल्यावर खोकला वाढला. काळपट कफ पडायला लागला तशी बायको घाबरली. डॉक्टर म्हणाले, श्वासनळीत बारीक केसांसारखे तंतू असतात, धुराने ते मरगळतात. ओढणं थांबलं की पुन्हा हलू लागतात आणि साठलेला कफ वर ढकलतात. मात्र रक्त दिसलं किंवा खोकला लांबला तर लगेच या, असंही त्यांनी सांगितलं. हे आधी माहीत असणं फार गरजेचं आहे. आमच्या बंदरात याच खोकल्याला घाबरून पुन्हा बिडी धरलेली माणसं आहेत. त्यांना वाटतं, सोडल्यामुळेच छाती बिघडली.

रत्नागिरी, एसटी चालक

माझी वेळ घाट उतरल्यावरच्या थांब्याची. चहा आणि सिगारेट, दोन्ही मिळून एकच गोष्ट होती. सिगारेट सोडली आणि चहा वाढवला, तर छातीत धडधड आणि रात्री टक्क जागा. वस्तीच्या गाडीवर झोप झाली नाही तर सकाळी स्टिअरिंग धरायचं कसं? शेवटी चहा निम्म्यावर आणला आणि थांब्यावर टपरीकडे न जाता गाडीभोवती फिरून टायर तपासायला लागलो. वाहक चहा घेऊन गाडीपाशी यायचा. तेवढ्याने भागलं.

*(देवगडहून : चहा कमी केलात हे अगदी योग्य झालं. तंबाखूच्या धुरामुळे यकृत कॅफिन भराभर संपवत असतं. धूर थांबला की तेवढ्याच चहातलं कॅफिन अंगात कितीतरी जास्त वेळ राहतं. धडधड आणि निद्रानाश सगळा सिगारेट सोडल्याचाच असं लोक धरून चालतात, त्यातला काही चहाचा असतो.)*

मालवण, घरगुती खानावळ

मी कधी बिडी ओढली नाही, पण मिश्री लावायची. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी दात दुखतो म्हणून लावून दिली, ती राहिलीच. बायकांच्या मिश्रीला कोणी व्यसन म्हणत नाही, म्हणून मी मुद्दाम लिहिते आहे. तंबाखूच तो, तव्यावर काळा होईपर्यंत भाजून कुटलेला. सुटताना त्रास तोच होतो.

माझी वेळ पहाटेची. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही ही पक्की समजूत, आणि पहिले काही दिवस खरोखरच झालं नाही. डोकं जड, सगळ्यांवर राग. खानावळीत गिऱ्हाइकाला सोलकढी वाढताना हात थरथरायचा. रात्री इसबगोल, सकाळी उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी आणि मग अंगण झाडायला घ्यायचं, असं सुरू केलं. चार-सहा दिवसांत पोट मार्गाला लागलं. तोंडात लवंग धरायची, ती अजून धरते.

कठीण गेला तो वास. शेजारी तंबाखू भाजायला घेतला की तो वास थेट चुलीपर्यंत यायचा. मी शेजारणीला सरळ सांगितलं, बाई, माझे एवढे दिवस जाऊ देत, मागल्या दारी भाज. तिने ऐकलं. धाकटा रोज शाळेत जाताना विचारायचा, "आये, आज लावलंस काय?" त्याला नाही म्हणताना मला जो आनंद व्हायचा तो मी कोणाला सांगू शकणार नाही.

गुहागर, नोकरी मुंबईत

गणपतीला गावी आलो तेव्हा सोडली. घरात वडील, काका, आरत्या, पाहुणे. त्यांच्यासमोर कधीच ओढली नव्हती, त्यामुळे दिवस निघाले. रात्री भजन संपल्यावर पोरं बांधाकडे जायची, ती माझी वेळ. मी तेव्हा आईबरोबर भांडी आवरायला थांबायचो. खरी भीती परतल्यावरची होती. ऑफिसच्या खाली टपरी आहे. सुटी सिगारेट विकायला राज्यात २०२० पासून बंदी आहे, पण मिळते. आणि एकच घ्यायची असली की मन लवकर तयार होतं.

म्हणून परतायच्या आधी १८००-११-२३५६ वर फोन केला. पाकिटावर छापलेला असतो तोच नंबर, फुकट आहे. मराठीत बोलले. किती ओढता, कधी ओढता हे विचारून सोमवारी जेवणाच्या सुट्टीत नेमकं काय करायचं ते माझ्याकडूनच ठरवून घेतलं. नंतर त्यांनी स्वतःहूनही फोन केले. लाजू नका, करा.

वेंगुर्ला, दशावतारात पखवाज

जत्रांचे दिवस संपल्यावर सोडली. रात्रभर नाटक असताना मध्यरात्रीनंतर जी लागते ती तेव्हा सोडवली नसती. खडीसाखर खिशात ठेवली.

देवगड तालुका, आंबा बागायतदार

हर्णैच्या तांडेलभाऊंना कामात सोडणं जमलं, मला उलट वाटतं. फवारणी, तोडणी, पेट्या, गाडीची वेळ, व्यापाऱ्याचे फोन, मार्च ते मे माझी सिगारेट दुप्पट होते. मृगाचा पाऊस पडला, बाग शांत झाली, तेव्हा सोडली. पावसात टपरीपर्यंत जायचाही कंटाळा येतो.

*(देवगडहून : तांडेलभाऊ रिकाम्या हातांमुळे ओढत होते आणि तुम्ही ताणामुळे. मला दोघांचंही पटतं. ज्याने त्याने आपलं कारण बघून महिना निवडावा.)*

मुरुड-जंजिरा

माझा आज चौथा दिवस. गम आणलाय पण उपयोग वाटत नाही, घसा जळतो, उचकी लागते. काल रात्री जेवणानंतर एक ओढली. आता सगळं फुकट गेलं का? परत पहिल्यापासून मोजायचं का?

*(देवगडहून : अजिबात फुकट गेलं नाही. सकाळपासून ओढली नसेल तर तुम्ही सोडलेलीच आहे. पाकीट घरात उरलं असेल तर आत्ता पाण्यात बुडवून टाकून द्या.*

*गम साध्या च्युइंगगमसारखा चघळला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, त्यानेच घसा जळतो आणि उचकी लागते. सावकाश चावा, तिखटसर झिणझिण्या आल्या की थांबा, गालात दाताशी धरून ठेवा. झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावा. अर्धा तास चालतो. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना कोकम सरबत, सोलकढी, लिंबू, चहा-कॉफी काही नको. आंबटामुळे तोंडातून निकोटिन शोषलं जात नाही, आणि आपल्याकडे जेवणाच्या शेवटी सोलकढी असतेच. २ मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली लागत असेल तर ४ चा लागू शकतो, त्यासाठी डॉक्टरांना भेटा. हृदयाचा त्रास असेल तर कुठलाही गम त्यांना विचारूनच.*

*तुमची वेळ जेवणानंतरची दिसते. आज सोलकढी जेवणाच्या सुरुवातीला घ्या, हात धुऊन पाण्याने चूळ भरा, पंधरा मिनिटं कोणाशी तरी बोलत काढा आणि मग गम तोंडात टाका. उद्या इथेच लिहा, काय झालं ते. मी वाट बघते.)*