तलावाच्या निर्गमाचे मॉडेल करताना नदीची पातळी धरावी का?

धागालेखक (बडोदे): पावसाचे पाणी अडवून हळूहळू सोडणाऱ्या तलावांच्या मॉडेलांत निर्गमाबाहेर, म्हणजे पाणी सोडणाऱ्या छिद्राबाहेर, पाणी मोकळेपणाने पडते, असे सर्रास गृहीत धरले जाते. ३०० मिमी व्यासाच्या छिद्रावर दीड मीटर पाणी असेल, तर प्रवाहाचा गुणांक (प्रत्यक्ष आणि आदर्श प्रवाहाचे गुणोत्तर) ०.६ धरून सेकंदाला सुमारे २३० लिटर पाणी सुटते. पण बाहेरची कांस (नदीला मिळणारा पावसाळी नाला) फुगून छिद्र तिकडूनही बुडाले आणि दोन्ही पातळ्यांत ३० सेंमीच फरक उरला, की तेच छिद्र जेमतेम १०० लिटर देते. विश्वामित्री नदीचा फुगवटा २०१९ आणि २०२४ साली आपण पाहिलाच आहे. पाणी फक्त उताराने खाली वाहते असे धरणाऱ्या किनेमॅटिक वेव्ह या गणनापद्धतीला हा फुगवटा दिसतच नाही. म्हणून खालच्या पाण्याचा दाबही मोजणारी डायनॅमिक वेव्ह पद्धत वापरून टोकाला नदीची बदलती पातळी द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १: असहमत. शहरातल्या जोरदार सरीचा लोंढा तलावात तासा-दोन तासांत येतो, तर नदीवरच्या बाजूच्या आजवा जलाशयाकडचे आणि वरच्या खोऱ्यातले पाणी बरेच उशिरा पोहोचते. नदी कायम भरलेली धरून छिद्र मोठे ठेवले, तर नेहमीच्या पावसात तलाव भरणारच नाही आणि सगळा लोंढा खालच्या वस्तीवर जाईल. मग तलाव बांधला कशाला?

धागालेखक: छिद्राच्या मापाबाबत आपले म्हणणे मला मान्य आहे, रिकामे होण्याच्या वेळेबाबत नाही. नदी दोन दिवस चढलेली राहिली, तर तलाव भरलेलाच राहतो आणि पुढची सर थेट सांडव्यावरून जाते. त्यामुळे सांडव्याची लांबी तरी तलाव आधीच काठोकाठ भरलेला आहे असे धरून तपासायला हवी.

प्रतिसाद २: आपण दोघेही छिद्रापुढची कचरा अडवणारी जाळी विसरलात. पहिल्याच पावसात पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्या जाळीवर बसतात. निम्मे छिद्र बुजले, की २३० चे ११५ होतात, मग नदी कुठेही असो. नदीकडून उलटे येणारे पाणी अडवणारी झडपसुद्धा एका काटकीने अर्धवट उघडी राहते. शिवाय पुरात जाळी साफ करायला उतरणाऱ्याला आधी मगर नाही ना, हे पाहावे लागते. बडोद्यात हा विनोद नाही.

प्रतिसाद १: जाळीचे पटले. मात्र निम्मे बुजलेले छिद्र सांडवा मोजतानाच धरावे. छिद्राचे माप ठरवताना धरले, तर ज्या वर्षी जाळी वेळेवर साफ होईल, त्याच वर्षी खालची वस्ती बुडेल.