आईचा नंबर आठ महिने चालू ठेवायचाय, मदत हवी आहे

मंडळी, आई पुढच्या महिन्यात इंदूरहून ताईकडे टोरांटोला चाललीय, आठ महिन्यांसाठी. तिचा प्रीपेड नंबर बँक, आधार, गॅस, सगळीकडे जोडलेला. 90 दिवस सिम वापरलंच नाही तर नंबर जाऊ शकतो, बॅलन्समध्ये 20 रुपये असले तर ते कापून 30 दिवस वाढतात, एवढं ठाऊक आहे.

राजवाड्याजवळचा रिचार्जवाला म्हणतो, सिम इथेच जुन्या डबा फोनमध्ये ठेवा. म्हणजे तिकडे दुपारचे चार वाजले की इकडे रात्री अडीचला उठून ओटीपी सांगणार कोण? मीच!

सिम सोबत दिलं, तर रोमिंग पॅक न घेता नुसते बँकेचे एसएमएस येतात का? इंटरनॅशनल रोमिंग इथूनच सुरू करून न्यावं लागतं का? डेटाशिवायचं वर्षभराचं रिचार्ज कोणी केलंय? अनुभव असलेल्यांनीच सांगा, प्लीज.