‘मी बाग वाचवली’ या निरोपावरून घरच्या ग्रुपवर झालेली चर्चा

दादा (निफाड): आज सायंकाळी द्राक्षांची शेवटची गाडी भरून गेली आणि या हंगामाची तोडणी संपली. नोव्हेंबरच्या अवकाळी पावसात बाग हातची जाते की काय अशी धास्ती होती. परंतु वेळेवर फवारणी करून मी ती वाचवली, हे सर्वांना कळवताना समाधान वाटते.

आत्या (पुणे): अभिनंदन. मात्र एक शंका आहे. त्या पावसाच्या वेळी मी तुमच्याकडेच मुक्कामाला होते. पानांवरचे तेलकट डाग प्रथम सूनबाईने पाहिले, पान उलटून मागची पांढरी बुरशी तिनेच तुला दाखवली आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगाचे औषध त्याच रात्री मारायला लावले. मग बाग ‘मी’ वाचवली, असे तू कसे लिहितोस?

काका (नाशिक): ताई, घरच्या माणसांचे आभार मानण्याची आपल्याकडे रीत नाही. वडिलांनी आईला कधी ‘छान केलेस’ असे म्हटल्याचे मला आठवत नाही, तरी त्यांचा संसार उत्तम झाला.

आत्या: तो उत्तम झाला असे वडील म्हणत असत. आईला काय वाटत होते हे तू तिला कधी विचारले नाहीस. मी विचारले होते.

दादा: आत्या, तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि निरोप लिहिताना माझी चूक झाली. आत्ताच मी खर्चाची वही काढून पाहिली. डिपिंगची म्हणजे घड बुडवण्याची औषधे, विरळणीच्या बायकांची मजुरी, डिझेल, इतकेच काय मजुरांच्या चहाची साखरही तिच्यात लिहिलेली आहे. परंतु पहाटे चारला उठून डबे करणारी, दिवसभर मजुरांबरोबर विरळणी करणारी आणि कोणत्या घडातले किती मणी काढायचे हे नुसत्या बोटांनी ओळखणारी जी व्यक्ती आहे, तिच्या नावाची एकही ओळ त्या वहीत नाही. गेल्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला मी तिचा फोटो स्टेटसवर ठेवला होता आणि तेवढ्यावर कौतुक झाले असे समजून बसलो होतो.

मी: दादा, वहीबरोबर सातबाराही पाहावास. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीधारकांमध्ये, म्हणजे शेती कसणाऱ्या खातेदारांमध्ये, स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच होते, आणि आपल्या उताऱ्यावरही वहिनींचे नाव नाही. आपल्याच जिल्ह्यात, चांदवडला, १९८६ साली शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले. पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम मांडला, ज्यात शेतकऱ्याने स्वखुशीने पत्नीच्या नावे जमीन करावी असे आवाहन होते. त्यानंतर १९९२ साली शासनानेही परिपत्रक काढले. पतीने स्वतः अर्ज केल्यास त्याच्या सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावता येते. गावोगावी अनेकांना हे आजही ठाऊक नाही.

काका: नाव लावण्याला माझा विरोध नाही, पण त्याला कौतुक म्हणू नये. तो हक्काचा विषय आहे.

आत्या: या एका बाबतीत तुझे बरोबर आहे.

वहिनी: दिवसभर फोन पाहायला वेळ मिळाला नाही, त्यामुळे सगळे आत्ताच वाचले. आत्याबाई, तुम्ही माझी बाजू घेतलीत याचा आनंद झाला. यांनी रोज माझी स्तुती करावी अशी माझी अपेक्षा नाही, आणि हे तसे करू लागले तर मलाच संकोच वाटेल. परंतु व्यापारी बागेत येतो तेव्हा हे मला चहा आणायला घरात पाठवतात आणि मी परत येईपर्यंत भाव ठरलेला असतो. पुढच्या हंगामात चहा यांनी आणावा आणि भावाचे बोलणे होताना मी तिथे असावे, एवढे मला हवे आहे. मालाची गोडी आणि मण्याची फुगवण मला यांच्याइतकीच कळते, किंबहुना थोडी अधिकच, हे यांनी एकदा व्यापाऱ्यासमोर म्हटले तर ते मला स्टेटसवरील फोटोपेक्षा जास्त आवडेल.

दादा: कबूल. चहा मी आणीन. साखर किती घालायची ते मात्र विचारावे लागेल. उताऱ्याच्या अर्जासाठी आपण दोघे सोमवारी तलाठी कार्यालयात जाऊ.

वहिनी: सोमवारी तोडणीनंतरच्या खरड छाटणीची माणसे येणार आहेत, त्यामुळे मंगळवारी जाऊ. अर्ज तिथे देण्यापूर्वी मला वाचायला द्यावा.