तणनाशक मारायच्या आधी तण ओळखायचं की नाही?

काळीमाती (दारव्हा)
मागच्या रविवारी शेजारच्या काकांनी वावरात बोलावलं. सोयाबीन महिन्याचं, आणि तासातासातून केना पसरलेला. "बारा दिवस झाले फवारून, औषध डुप्लिकेट निघालं," म्हणत होते. डबा पाहिला तर क्विझालोफॉप. ते फक्त गवतवर्गीय तणावर चालतं. केना पानाने गवतासारखा दिसतो, पण गवत नाही, त्याला ते लागूच होत नाही. शिप्पी हे गवत जळालं होतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत केना माजला होता.

एक झाड खुरप्याने मातीसकट काढून काकांच्या हातावर ठेवलं. बुडाशी मुळांसोबत पांढऱ्या दोऱ्यासारख्या फांद्या होत्या, टोकाला बारीक बोंडं. केना वर निळं फूल धरतो तसा मातीच्या आतही फुलतो आणि तिथेच बी टाकतो. काका चाळीस वर्षं शेती करतात, त्यांनी हे पहिल्यांदा पाहिलं.

माझं मत सरळ आहे. डबा आला आणि आपण तण ओळखणं सोडलं. दुकानदार देईल ते मारतो. त्यापेक्षा वेळेवर दोन डवरणी (डवऱ्यानं ओळींमधली माती हलवून तण काढणं), एक निंदण (खुरप्यानं, हातानं तण काढणं), आणि तणनाशक लागलंच तर तण पाहून. सोयाबीनचे पहिले तीस-चाळीस दिवस सांभाळले की पुढे पीकच तणाला दाबतं.

पऱ्हाटीवाला (अकोट)
दादा, बोलायला सोपं आहे. डवरणी कोणत्या बैलानं करायची? माह्या गावात बैलजोड्या बोटावर मोजण्याइतक्या उरल्या. जुलैत झड लागली की आठ-आठ दिवस वाफसा येत नाही, म्हणजे माती कामाजोगी सुकत नाही, काळ्या मातीत पाय टाकला की घोट्यापर्यंत रुततो. तण काही वाफशाची वाट पाहत नाही.

आणि लव्हाळ्याचं काय? डवऱ्यानं वरचा शेंडा कापला जातो, खालच्या गाठींची साखळी तुटते, आणि एकाच्या जागी चार कोंब येतात. ज्या वावरात लव्हाळा आहे तिथं डवरा फिरवणं म्हणजे त्याची पेरणी करणं. गाठीपर्यंत पोचणारं औषधच तिथं कामाचं. "तण खाई धन" ही म्हण म्हाताऱ्यांनी उगाच नाही केली, आमचं धन आम्हीच वाचवायचं ना?

काळीमाती
लव्हाळ्याचं तुमचं म्हणणं मान्य. तिथे मीही डवरा नको म्हणेन. पण ते तुम्ही लव्हाळा ओळखता म्हणून म्हणताय. माझा मुद्दा तोच आहे.

निंदणवाली (घाटंजी)
मी निंदायला जाणारी बाई आहे, म्हणून दोघांनाही सांगते. निंदण म्हणजे सकाळपासून ओणवं, चिखलात, कंबर दुखून रात्री झोप येत नाही. पण पावसाळ्यात घरात येणारा रोख पैसा तोच होता. पंप आल्यापासून निंदणाचे दिवस निम्मे झाले. कुणी म्हणतं बाया मिळत नाहीत. पोळ्याच्या आधी आम्ही काम विचारत फिरतो, तेव्हा कुठं असता?

दुसरं म्हणजे भाजी. तरोट्याचा कोवळा पाला, कुंजरू, माठ, घोळ ही तुमची तणं, आमच्या घरी श्रावणभर हेच शिजायचं. आता धुऱ्यावरचा (बांधावरचा) तरोटा खुडायला भीती वाटते, कुणी कशावर काय मारलं माहीत नसतं. गाजर गवत मात्र खुशाल मारा. ते हातानं उपटून माझ्या जावेच्या हातापायाला खाज सुटली ती महिनाभर गेली नाही.

आणि पॅराक्वाट हे तणनाशक पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका. पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.

पऱ्हाटीवाला
ताई, बाटलीचं शंभर टक्के खरं. रोजीचं पण खरं आहे, त्यावर माह्याजवळ उत्तर नाही. पण ऐन झडीत सगळ्यांचं निंदण एकाच आठवड्यात येते, तेव्हा गाव पुरत नाही.

म्हणून तर लोकांनी तणनाशक सहन करणारं कापसाचं बियाणं धरलं. जून 2019 मध्ये आमच्याच तालुक्यात, अकोली जहांगीरला, शेतकऱ्यांनी बंदी मोडून ते उघडपणे पेरलं. सगळा राग निंदणाच्या खर्चाचा होता.

सायकलडवरा (कळंब)
त्या बियाण्याला आजही परवानगी नाही, त्यामुळे उगवलं नाही तर पावती दाखवायची कुणाला? ग्लायफोसेट या तणनाशकावरही केंद्राने ऑक्टोबर 2022 मध्ये अधिसूचना काढली, फवारणी परवानाधारक कीड नियंत्रण चालकांकडूनच करायची म्हणून. गावात ते कोण पाळतं ते सगळे जाणतात.

माझा अनुभव पंपाचा. भावाने ज्वारीत टू-फोर-डी हे तणनाशक मारलं, पंप नुसत्या पाण्याने विसळला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पंपाने पऱ्हाटीवर (कपाशीवर) मावा-तुडतुड्याचं औषध मारलं. आठवड्यात कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी चिरली गेली, शेंडे वाकडे. लोक म्हणाले व्हायरस आला. व्हायरस नव्हता, पंप होता. कपाशी या औषधाला फार नाजूक, पंपात उरलेला अंशही पुरतो, शेजारच्या वावरातून वाऱ्यावर आलेला तुषारही पुरतो. तेव्हापासून तणनाशकाचा पंप वेगळा, त्यावर लाल पट्टी, नोझल सपाट फवाऱ्याचं.

बैल नसतील तर सायकलचं चाक लावलेला डवरा एक माणूस ढकलतो. रेटून काम होतं, पण दोन-चार एकराला पुरतं.

पऱ्हाटीवाला
माह्याजवळ अकरा एकर आहे भाऊ.

काळीमाती
मग अकराचे तुकडे पाडा. लव्हाळ्याचा तुकडा वेगळा, केन्याचा वेगळा. सोयाबीनमध्ये पंधरा ते वीस दिवसांत, तण दोन-चार पानांवर असताना इमॅझेथापायर एकरी 400 मिली, पाणी 200 लिटर. पाण्यात कंजुषी केली की औषध पानभर बसत नाही. केना वीतभर झाला की तेही कमी पडतं, तिथे ताईंसारख्या चार बाया दोन दिवस लावा. आणि उपटलेला केना धुऱ्यावर टाकू नका, झडीत पेरापेराला मुळं फुटून तिथेच रुजतो. मी गोणीत भरून बाहेर नेतो.

निंदणवाली
दोन दिवस लावायच्या तर आधी निरोप द्या. सकाळी सात वाजता दारात येऊन नाही.

पऱ्हाटीवाला
केन्याचा तुकडा दोन एकर आहे, नाल्याकडचा. उद्या मातीसकट एक झाड काढून पाहतो, आतली बोंडं आहेत का ते.